प्लॅनमधलं जास्तीचं दार

१

कम्प्युटरवर ‘नवी ऑपरेटिंग सिस्टिम तयार आहे’ असं दिसलं की माझा हात आपोआप माउसकडे जातो आणि माझ्या नवऱ्याचा हात आपोआप माझ्या मनगटाकडे येतो. आमचा संसार एका वाक्यात सांगायचा तर एवढाच आहे.

आम्ही दोघंही घरांचे प्लॅन काढून देतो. ऑफिस म्हणजे आमच्याच फ्लॅटची बाहेरची खोली. दोन टेबलं, एक कम्प्युटर आणि मोठाले प्लॅन छापणारा एक कुरकुऱ्या प्लॉटर. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, इमारतीच्या टोकाला. लोकांना ऐसपैस घरं आखून देणारे आम्ही स्वतः इतक्या चिंचोळ्या जागेत राहायचो, की झोपायच्या खोलीतलं कपाट उघडायचं तर दुसऱ्याने पलंगावर चढून बसावं लागे.

त्या सकाळी नवरा साइटवर गेला आणि मी बटण दाबून टाकलं. पट्टी पुढे सरकत होती आणि मी खुर्चीत मांडी ठोकून एकटीच हसत होते. नवं काही उघडताना पोटात जी गुदगुली होते ना, ती मला अजून लहानपणीसारखीच होते. त्याची मला लाज वगैरे वाटत नाही.

नवीन काहीही आलं, मग तो कम्प्युटर असो, प्रिंटर असो की साधं पेन, की आम्ही आधी आमच्याच घराचा प्लॅन काढून बघतो. तो तोंडपाठ आहे. कुठे काही बिघडलं असेल तर तिथे चटकन दिसतं. कम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर मीही तोच उघडला. रेघा अशा काही लख्ख आल्या की मी टाळी वाजवली.

मग नीट बघितलं. झोपायच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत, बरोबर कपाटाच्या मागे, एक दार होतं. दाराच्या पलीकडे एक खोली होती.

२

“तू काढलीस?” घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं.

“मी कशाला काढू?”

“मग फाइल बिघडली. घे, आणखी कर अपग्रेड.”

“कपाट सरकवून बघू या का?”

“त्या भिंतीमागे काय आहे माहितीये ना तुला? हवा. चार मजले नुसती हवा.”

“मग सरकवायला काय जातंय?”

कपाट सरकवलं. दार होतं.

आमच्या बाकीच्या दारांसारखंच होतं, तोच रंग, तेच पितळी हँडल. फक्त हँडलभोवतीचा रंग थोडा उडाला होता, रोजच्या ये-जा करणाऱ्या हातांनी उडतो तसा. ते तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. पण मी दार ढकललं, ते आत उघडलं आणि पुढची खोली बघून मी बाकी सगळं विसरले. केवढी मोठी खोली! खिडकी नव्हती, पण फरशी आमचीच, दिव्याचं बटणही जिथे हवं तिथेच. मी आत जाऊन दोन्ही हात पसरून गोल फिरले. आमच्या घरात हात पसरून फिरता येईल अशी जागा मी पहिल्यांदाच बघत होते.

नवरा जिना उतरून रस्त्यावर गेला. तिथून त्याने फोन केला.

“भिंत सपाट आहे,” तो म्हणाला. “बाहेर काहीही आलेलं नाही. तू कुठे उभी आहेस?”

“खोलीच्या मधोमध.”

फोनमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

“बाहेर ये,” तो हळू आवाजात म्हणाला.

नंतर चहा पिताना आम्ही ठरवलं, की बिल्डरने बुजवून टाकलेली पाइपांची जागा असणार आणि ती खालून कळत नसणार. इतकी मोठी पाइपांची जागा कुठल्याही इमारतीत नसते हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं. पण तो बोलला की मी मान हलवत होते आणि मी बोलले की तो.

३

खोली मिळाली म्हटल्यावर मला पहिली आठवली ती माझी धाकटी बहीण.

ती नर्स आहे. हॉस्पिटलजवळ एका काकूंच्या घरी, तीन मुलींत एक खोली वाटून राहत होती. ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची, त्यामुळे झोपेची नेहमीच बोंब. किती वर्षं मी म्हणत होते, जागा असती तर तुला इथेच आणलं असतं. आता जागा होती. मी इतकी हरखले होते की तिला फोनवर नीट सांगताच येईना.

“ताई, खोली म्हणजे खोली? दार असलेली?”

“दार असलेली!”

“आणि भाऊजींना चालेल?”

“भाऊजींना कोण विचारतंय?”

ती दोन बॅगा घेऊन आली. घरात आम्ही तिला ‘धडाम’ म्हणतो. दार हळू लावणं तिला जन्मात जमलेलं नाही, आणि टकटक करून, विचारून आत येणं तर माहीतच नाही. आमच्या लग्नानंतर ती पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिने नवऱ्याला इतकं दचकवलं होतं की त्याने बाथरूमला आतून दोन कड्या बसवून घेतल्या.

नव्या खोलीत शिरताना तिने काहीच विचारलं नाही. ती कुठली, कधी केली, खिडकी का नाही, काही नाही. बॅगा टाकल्या, गादीवर स्वतःला झोकून दिलं आणि म्हणाली, “ताई, इथे काय शांत आहे गं!” आणि खरंच तशीच गाढ झोपली. मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहिले. माझे डोळे भरून आले. आईनंतर मीच तिची आई आहे, हे ती कधी म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही.

४

त्यानंतरचे दिवस फार मजेचे गेले. सकाळ-संध्याकाळ दारं आपटत होती, प्लॉटरवर तिचे ओले टॉवेल वाळत होते आणि नवरा कपाळाला हात लावत होता. प्लॉटरचं टॉवेलांवाचून दुसरं काही कामही उरलं नव्हतं. नव्या सिस्टिमशी त्याचं जमेना. प्लॅन पाठवला की तो घरघरायचा आणि कोरा कागद बाहेर सोडायचा. आणि आम्हाला एका शाळेचे प्लॅन छापून द्यायचे होते.

“जुन्या सिस्टिमवर परत जाऊ,” नवरा म्हणू लागला. “परत जायची सोय थोडेच दिवस असते. नंतर ते बटणही जातं.”

“आणि खोली?”

“प्लॉटरबद्दल बोलतोय मी.”

तो प्लॉटरबद्दल बोलत नव्हता. तो त्या खोलीत एकदाही शिरला नव्हता. धाकटीसाठी खुर्ची नेली तीसुद्धा त्याने उंबऱ्यावरून आत सरकवली होती.

एकदा दुपारची झोप काढून धाकटी बाहेर आली, केस विंचरता विंचरता म्हणाली, “ताई, शेजारचे लोक सामान फार सरकवतात गं.”

“कुठले शेजारचे?”

“माझ्या खोलीच्या पलीकडचे. वाईट काही नाही, अगदी हळू सरकवतात. मला त्रास होऊ नये म्हणून जपून.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी कम्प्युटरकडे गेले आणि प्लॅन उघडला. तिच्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीत आणखी एक दार आलं होतं आणि त्यापुढे आणखी एक खोली. ही मात्र तुटक रेघांची होती. आमच्या धंद्यात तुटक रेघ म्हणजे अजून न बांधलेलं, पुढे करायचं काम.

माझ्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगू? त्यातला निम्मा काटा आनंदाचा होता. आणखी एक खोली!

५

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा उघड भांडलो, पण दबक्या आवाजात, कारण धाकटी आत होती.

“कोण बांधतंय ते?” नवरा म्हणाला. “तू एकदा तरी विचारलंस का स्वतःला? दाराजवळचा रंग उडालेला होता. कोणाच्या हातांनी?”

“आत्तापर्यंत काही वाईट झालंय का?”

“व्हायची वाट बघायची का?”

मी मागे जायचं बटण उघडून दाखवलं. तिथे लिहिलं होतं, तुमच्या जुन्या फाइल जशाच्या तशा राहतील, पण अपग्रेडनंतर जे जे आलं ते काढून टाकलं जाईल.

“अपग्रेडनंतर काय काय आलंय आपल्याकडे?” मी विचारलं.

शेवटी असं ठरलं, की आधी धाकटीला समजावून सांगायचं, तिचं सामान बाहेरच्या खोलीत आणायचं, ती स्वतः आपल्या डोळ्यांसमोर उभी असली पाहिजे आणि मगच काय ते करायचं. मला ते मनातून पटलं नव्हतं, पण मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या साइटवर होते. मुकादमाशी बोलत असताना धाकटीचा मेसेज आला, की तिने ड्यूटी बदलून घेतली आहे आणि ती घरी जाऊन झोपते आहे. मी अंगठा पाठवला आणि पुन्हा कामाला लागले. थोड्या वेळाने नवऱ्याचा फोन आला. आवाज कसा मोकळा, हलका.

“झालं एकदाचं,” तो म्हणाला. “लावलंय मागे जायला. तू असतीस तर पुन्हा वाद झाला असता.”

“ती घरात आहे!”

“नाही गं. ड्यूटीवर गेली सकाळीच. तिच्या चपला नाहीत दारात.”

“तिच्या चपला कधी दारात असतात का? बघ खोलीत! बघ आधी!”

त्याची पावलं ऐकू आली. मग कपाटाला काहीतरी धडकल्याचा आवाज. मग तो माझं नाव घेऊन ओरडला.

६

मी पोहोचले तेव्हा नवरा भिंतीला कान लावून उभा होता. दार नव्हतं. आमची जुनी भिंत होती, कपाटाच्या पाठीने पडलेल्या डागासकट.

मी धाकटीला फोन लावला. तो भिंतीत वाजला.

भिंतीपलीकडे नव्हे, भिंतीत. बारीक, पण अगदी स्पष्ट, तिचीच ती कर्कश रिंगटोन. बाहेरच्या खोलीत पट्टी सरकत होती आणि तिच्याखाली ‘कृपया कम्प्युटर बंद करू नका’ असं लिहिलेलं होतं. नवऱ्याने प्लगला हात घातला आणि मी त्याचा हात धरला. अर्धवट थांबवलं तर काय होईल ते मला माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं मनगट धरलं होतं. पट्टी जशी पुढे सरकली तशी रिंग मागे मागे गेली, एक खोली मागे, मग आणखी एक, आणि मग बंद पडली.

कम्प्युटर सुरू झाला. प्लॉटर आपणहून घरघरला आणि त्याने शाळेचा प्लॅन छापायला घेतला, अगदी सुबक.

नवऱ्याने हातोडा आणला आणि कोणाशी वैर असल्यासारखा त्या भिंतीवर तुटून पडला. गिलावा पडला, विटा पडल्या आणि भोकातून उजेड आला. माझा जीव भांड्यात पडला तो क्षणभरच. बाहेर आभाळ होतं. खाली रस्ता होता आणि एक माणूस डोक्यावरची धूळ झटकत आमच्याकडे बघून शिव्या देत होता.

तरीही मी काकूंना फोन केला. माणूस वेड्यासारखं काहीही करतो.

“अगं, ती तर तुझ्याकडेच आलीये ना?” काकू म्हणाल्या. “किती खुशीत होती! ताईने मला स्वतंत्र खोली दिली, असं सगळ्यांना सांगत सुटली होती.”

७

“पुन्हा अपग्रेड करायचं,” मी म्हणाले.

नवरा फरशीवर विटांच्या ढिगाशेजारी बसला होता. मला वाटलं, तो नाही म्हणेल. त्याने मान वर केली. त्याच्या गालांवर चुना होता आणि त्यातून डोळ्यांतल्या पाण्याच्या वाटा झाल्या होत्या.

“कर,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता कर.”

मी बटण दाबलं. हे सांगताना वाईट वाटतं, पण पट्टी सरकायला लागल्यावर तीच जुनी गुदगुली पोटात उठली, फक्त आता दहापटीने. दोघंही एकाच खुर्चीत बसलो होतो, अर्धे अर्धे. चल, चल, चल, असं मी पट्टीला म्हणत होते, आणि थोड्या वेळाने तोही म्हणायला लागला. आमच्या संसारात तो नव्या गोष्टीसाठी इतका अधीर झालेला मी पहिल्यांदा बघत होते.

प्लॅन उघडला. दार होतं! मी किंचाळलेच. मी झोपायच्या खोलीकडे धावणार, तेवढ्यात नवऱ्याने मला थांबवलं.

“थांब. हे बघ आधी.”

तुटक रेघा आता पक्क्या झाल्या होत्या. तिच्या खोलीपुढे ती दुसरी खोली, तिच्यापुढे तिसरी, आणि अशा किती तरी, कागदाच्या कडेपर्यंत. पण त्याचं बोट तिथे नव्हतं. ते आमच्या दारावर होतं. दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवायला आम्ही प्लॅनमध्ये एक कमान काढतो. मागच्या वेळी ती कमान त्या खोलीत होती. आता ती आमच्या खोलीत होती.

“दार आता इकडे उघडतं,” तो म्हणाला.

८

भिंतीला पाडलेलं भोक नव्हतं. विटांचा ढीग मात्र तसाच होता आणि त्याच्या मागे दार उभं होतं. कडी आमच्या बाजूला होती. मी तिला हात लावायच्या आत आतून टकटक झाली.

तीन हलक्या टकटकी. मग थोडं थांबून आवाज आला.

“ताई, आत येऊ का?”

आवाज तिचाच होता. अगदी तिचाच. नवऱ्याच्या तोंडून सुटकेचा हुंदका बाहेर पडला आणि तो पुढे झाला. मी त्याचा सदरा मागून मुठीत धरला.

“ताई? भाऊजी? आत आलं तर चालेल का?”

मला माझ्या बहिणीचं सगळं माहीत आहे. दार आपटताना खांदा कसा लावते, ते दार बंद असलं तर कशी चिडते. ती विचारत नाही. ती कधीच विचारत नाही.

मी खिशातून फोन काढला आणि तिला लावला. रिंग ऐकू आली. ती दारापाशी नव्हती. ती लांब होती, खूप आत, कितीतरी भिंतींच्या पलीकडे. आणि मग फोन उचलला गेला.

“ताई!” ती धापा टाकत होती आणि चिडली होती. किती छान चिडली होती! “ताई, तू कुठे आहेस? मी झोपून उठले तर सगळीकडे खोल्याच खोल्या. दार उघडलं की पुढे आणखी एक दार. हा काय फालतूपणा आहे?”

“ये!” मी ओरडले. “अशीच ये, माझ्या आवाजाकडे ये! थांबू नकोस!”

फोनमध्ये दार आपटलं. आणि क्षणभराने तोच आवाज भिंतीतूनही आला, बारीक. मग आणखी एक, थोडा जवळ. ती येत होती, एकेक दार धाडकन आपटत येत होती. मी रडत होते, हसत होते, फरशीवर पाय आपटत होते. नवराही ओरडत होता, “ये गं, ये, आपट सगळी दारं!”

बाहेरच्या खोलीतून कम्प्युटरचा टण् असा आवाज आला. मी मागे वळून बघितलं. स्क्रीनवर दोनच बटणं होती. नवी सिस्टिम ठेवायची की जुनीवर परत जायचं? आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की यानंतर पुन्हा विचारलं जाणार नाही.

परत गेलं तर दारापाशी जे उभं आहे ते जाईल. धाकटीही जाईल. ठेवलं तर दोघंही राहतील, कायमचे, आणि आमच्याकडे उघडणारं हे दारही.

“बोल,” मी नवऱ्याला म्हणाले.

“ठेव,” तो म्हणाला. त्याने विचारसुद्धा केला नाही.

मी धावत जाऊन ‘ठेवा’ दाबलं.

परत आले तेव्हा टकटक थांबली होती. दारापलीकडे जे कोणी होतं ते गप्प उभं होतं. आमच्यासारखंच तेही ऐकत होतं. आतून आणखी एक दार आपटलं, आता चांगलं जवळ. आणि मग दाराखालच्या फटीतली सावली हलली. पावलं वळली. हळू, जपून, कोणाला त्रास होणार नाही अशी ती पावलं दारापासून दूर निघाली, आत, त्या आपटणाऱ्या दारांच्या दिशेने.

मी कडी काढली आणि दार ओढलं.

धाकटीची खोली रिकामी होती. गादी, खुर्ची, उघडी बॅग. पलीकडचं दार हळूहळू लागत होतं. त्याच्या कडेवर चार बोटं होती. ती आत ओढली गेली आणि दार बंद झालं, जरासुद्धा आवाज न करता.